अण्णांची इस्त्री

परवा भाचा घरी आला होता. जेवण झाल्यावर नेहमीप्रमाणे मोबाईलमध्ये डोकं. "काय बघतोयस रे?" म्हटलं तर म्हणाला, "मावशी, हे बघ, कोरियातलं बिलियर्ड्स. टेबलाला खिसेच नाहीत!" बघितलं तर खरंच. मोठं, चकचकीत टेबल, निळं कापड, तीन चेंडू आणि खिसा एकही नाही. खेळाडू काठी मारतो, चेंडू कडेवर आपटत तीन भिंती फिरून येतो आणि उरलेल्या दोन चेंडूंना हळूच शिवून जातो. या खेळाला 'थ्री-कुशन' म्हणतात. आपला चेंडू दुसऱ्या लक्ष्याला लागण्याआधी कडांना किमान तीनदा लागला पाहिजे, एवढाच नियम. ऐकायला सोपा, खेळायला महाकठीण. कोरियात २०१९ पासून त्याची व्यावसायिक मालिका चालते आणि टीव्हीवर लोक ती क्रिकेटसारखी बघतात म्हणे.

भाचा पुढे सहज म्हणाला, "आणि हे टेबल खालून गरम करतात. आत हीटर असतो."

तिथे मी थबकले. कारण टेबल गरम करणारा एक माणूस मी लहानपणी पाहिला होता. साताऱ्यात. आमचे अण्णा, म्हणजे आईचे वडील.

आमच्या नातेवाइकांपैकी धाकट्या पिढीला बहुधा माहीत नसेल, म्हणून सांगते. अण्णा साताऱ्याच्या कॅम्पातल्या एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या खोलीचा माणूस. गुण मांडायचे, चेंडू पुसायचे, काठ्यांच्या टिपा बसवायच्या, कापड झाडायचं आणि कुणी जोडीदार नसेल तर मेंबरांबरोबर खेळायचं. घरात मात्र कुणी 'मार्कर' म्हणत नसे. आजी म्हणायची, "हे क्लबात असतात." बास.

तर त्या एका वाक्यावरून मी जरा शोधाशोध केली. वाचत गेले आणि लक्षात आलं की अण्णा ज्या गोष्टी रोज हाताळत होते, त्या प्रत्येकीमागे मोठा इतिहास आहे. नमनाला घडाभर तेल झालंच आहे, आता मुद्द्याकडे येते.

आधी एक शब्द

खिसे नसलेल्या या खेळाला इंग्रजीत 'कॅरम बिलियर्ड्स' म्हणतात. आपल्या घरोघरच्या कॅरमचं नावही त्याच घराण्यातलं. मूळ शब्द फ्रेंच 'कारांबोल', म्हणजे या खेळातला तांबडा चेंडू. तो आला स्पॅनिश-पोर्तुगीज 'कारांबोला'वरून. आणि हे कारांबोला कुठलं? तर चक्क आपल्या मराठीतलं करंबळ! पाच कंगोऱ्यांचं, आडवं कापलं की चांदणी दिसते ते आंबट फळ. पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर पाहिलं, नाव उचललं, आणि मोठमोठ्या इंग्रजी शब्दकोशांत आजही या फळाच्या नावापुढे उगम म्हणून 'मराठी' असं लिहिलेलं असतं. आता करंबळ तांबडंही नसतं आणि गोलही नसतं, मग त्याचं नाव चेंडूला कसं चिकटलं हा प्रश्न उरतोच. पण शब्दांच्या वाटा अशाच वाकड्यातिकड्या. थ्री-कुशनच्या चेंडूसारख्या :)

अण्णांचा खेळ मात्र खिशांचा होता, इंग्लिश बिलियर्ड्स. टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद. चेंडू तीनच, दोन पांढरे, एक तांबडा. आपला चेंडू दोघांना शिवला की कॅनन, त्याचे २ गुण. तांबडा खिशात गेला की ३. म्हणजे खिसे बाजूला ठेवले तर हा कॅनन आणि कोरियातलं ते कारांबोल, दोघं भाऊभाऊच.

पाटी

टेबलाच्या हिरव्या कापडाखाली काय असतं हे मला लहानपणी वाटायचं लाकूड. असतो तो दगड. शाळेच्या पाटीचाच, स्लेटचा. आधी खरोखर लाकूडच असे. पण लाकूड फुगतं, पिळवटतं. १८२६ च्या सुमाराला लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी स्लेटच्या पाट्या बसवायला सुरुवात केली. ब्रिटिश टेबलांसाठी हा दगड वेल्सच्या खाणींतून येई. मोठ्या टेबलाला अशा पाच पाट्या शेजारी शेजारी बसवतात आणि सगळं मिळून वजन सव्वा-दीड टनाच्या घरात जातं. ते सगळं आगबोटीने, रेल्वेने आणि शेवटी बैलगाडीने गावोगावच्या क्लबांपर्यंत गेलं, ही कल्पना करून बघा.

आणि एवढं अवजड धूड एका केसाने जरी कलतं झालं तरी खेळ गेला. अण्णांकडे गवंड्याची पाणसळ होती. महिन्यातून एकदा ती टेबलावर सहा ठिकाणी ठेवून बघत. पण त्यांचा खरा भरवसा पाणसळीवर नव्हता. चेंडू अगदी हळू, मरत मरत जाईल असा सोडायचे आणि थांबताना तो कुठे मान वळवतो ते बघायचे. मग टेबलाच्या पायाखाली पातळ पाचर.

हत्ती

अण्णांच्या वेळी चेंडू हस्तिदंती नव्हते. पण एका जुन्या लाकडी डबीत जुने तीन हस्तिदंती चेंडू त्यांनी जपून ठेवले होते. पिवळे पडलेले, बारीक चिरा गेलेले. एका सुळ्यातून जेमतेम चार-पाच चेंडू निघत, आणि तेही सुळ्याच्या नेमक्या मध्यातून, नाहीतर वजन एका बाजूला जातं. हस्तिदंत हवेप्रमाणे हलतो. एकदम गार, एकदम गरम झालं की तडकतो, दमट हवेत गोलाई सोडतो. मग तो पुन्हा कातायचा, आणि एक कातला की उरलेले दोनही त्याच मापाचे करायचे. म्हणजे तिन्ही चेंडू बारीक होत होत म्हातारे व्हायचे.

या तीन चेंडूंपायी किती हत्ती गेले असतील! १८६३ मध्ये अमेरिकेतल्या एका बिलियर्ड्स कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. त्या नादाने जॉन वेस्ली हायट नावाच्या छपाईवाल्याने सेल्युलॉइड तयार केलं. पुढे ज्याच्यावर सिनेमाची फिल्म निघाली तेच हे. त्याच्या चेंडूंची एक गंमत हायटनेच सांगून ठेवली आहे. सेल्युलॉइड ज्वालाग्राही, त्यामुळे दोन चेंडू जोरात आपटले की कधीकधी टिकलीसारखा आवाज व्हायचा. कोलोरॅडोच्या एका सलूनवाल्याने त्याला लिहिलं, की मला त्याचं काही नाही, पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल काढतो!

१९०७ मध्ये बेकलंड यांनी बेकेलाइट शोधलं आणि आज जगभरचे चांगले चेंडू त्याच जातीच्या फेनॉलिक राळेचे असतात. त्यातले बरेचसे बेल्जियममध्ये बनतात. थ्री-कुशनचा चेंडू ६१.५ मिलिमीटरचा, अण्णांचा ५२.५ चा. फरक सांगायला नऊ मिलिमीटर, पण हातात घेतला की लिंबू आणि मोसंबीइतका वाटतो.

बनात

आता कापड. अण्णा त्याला 'बनात' म्हणत. लोकरीचं, दाट, आणि त्याला एका दिशेने लव. ही लव म्हणजे इंग्लिश टेबलाचा प्राण. मांजराच्या पाठीसारखी, एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर अडतो. चेंडू लवेबरोबर जाताना सरळ जातो, उलट हळू जाताना वाट सोडतो. म्हणून ब्रश नेहमी खेळ सुरू होतो त्या टोकाकडून पलीकडच्या टोकाकडे. कधीही उलट नाही, कधीही गोल गोल नाही. खडूची भुकटी कापडात बसली की तिची किसणी होते, कापड आणि चेंडू दोन्ही खाते. (खडूचंही असंच. आज वापरतात तो खडूच नाही. १८९७ मध्ये स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघा अमेरिकनांनी पेटंट घेतलेलं वाळू आणि खनिजांचं मिश्रण आहे ते. नाव तेवढं खडूचं राहिलं.)

थ्री-कुशनचं कापड वेगळं. त्याला लव नाहीच. बेल्जियमच्या व्हेर्विए गावात सिमोनिस नावाची गिरणी १६८० पासून लोकरीचं कापड विणते आहे, तिचं कापड या खेळात सर्वांत नावाजलेलं. घट्ट, गुळगुळीत, जलद. चेंडूला पाच-सहा कडा फिरायच्या असतात ना. त्याला ब्रशपेक्षा हलका झाडू किंवा व्हॅक्यूम, आणि इस्त्री मुळीच नाही.

पण दोघांचा शत्रू एकच. ओल.

इस्त्री

साताऱ्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. महाबळेश्वरसारखा कोसळत नाही, पण आषाढ-श्रावणात यवतेश्वराच्या डोंगरावरून जी भुरभुर उतरते ती आठ-आठ दिवस हटत नाही. पापड सादळतात, आगपेटी पेटत नाही. तशीच बनात सादळते. "टेबल जड झालं," अण्णा म्हणत. चेंडू चिखलातून चालल्यासारखा चालतो.

त्यावर उपाय इस्त्री. आपली कपड्यांची नव्हे. भरीव लोखंडाची, शेगडीवर तापवायची. निखाऱ्यांची इस्त्री त्या खोलीत अण्णा येऊ देत नसत, कारण एक ठिणगी पडली की बनातीला भोक. इस्त्री तापली की आधी वर्तमानपत्राच्या कागदावर टेकवायची. कागद पिवळा पडला तर थांबायचं. मग आधी ब्रश, आणि त्यानंतर लवेच्या दिशेने एकेक पट्टा, न थांबता, न उचलता. बारा फूट. पुन्हा मागे येऊन शेजारचा पट्टा. खोलीभर ओल्या लोकरीचा वास.

हे मी एकदाच पाहिलंय. आठ-नऊ वर्षांची असेन. बायका-मुलींना त्या खोलीत जायची पद्धत नव्हती. पण पावसाची दुपार होती, क्लबात चिटपाखरू नव्हतं. मी डबा घेऊन गेले होते. उंबऱ्यावर उभी राहिले आणि अण्णा म्हणाले, "ये, पण कशाला हात लावू नकोस."

आता कोरियातल्या हीटरचं मला एवढं अप्रूप का वाटलं ते कळेल. टेबलाखालचा हीटर पाटी खोलीपेक्षा थोडी गरम ठेवतो, म्हणजे कापडात ओल धरत नाही आणि चेंडू जलद आणि रोज सारखाच चालतो. हाच प्रश्न विलायतेत कडांच्या रबराचा होता. थर्स्टन यांनी १८३५ च्या सुमाराला रबराच्या कडा आणल्या, पण थंडीत ते रबर दगडासारखं कडक व्हायचं. मग खेळाआधी गरम पाण्याची लांबट भांडी कडांना लावून ठेवायची! पुढे १८४५ मध्ये गंधक घालून टिकाऊ केलेल्या रबराच्या कडांचं पेटंट झालं आणि तसल्या पहिल्यावहिल्या कडा विक्टोरिया राणीच्या टेबलाला लागल्या. राणीची भांडी, अण्णांची शेगडी आणि कोरियातला हीटर, तिघांचं काम एकच.

सभ्यपणे हरणं

त्या दुपारी इस्त्री झाल्यावर अण्णांनी काठी घेतली. भिंतीवरच्या खाचेतून सरळ उभी लावलेली काढली, तिरकी टेकवलेली नव्हे. तिरकी ठेवली की काठी वाकते. टिपेवरून कानस फिरवली, खडू लावला आणि खेळायला लागले. एकटेच. मी मोजत होते. कॅनन, तांबडा, कॅनन, कॅनन. मला आकडा नीट आठवत नाही, पण गुणांच्या फळीवरचा काटा मी दोनदा शंभराच्या पुढे सरकवला होता एवढं पक्कं आठवतं. अण्णांचा चेहरा तेव्हा कसा होता ते शब्दांत सांगता यायचं नाही.

त्याच आठवड्यात मी पुन्हा डबा घेऊन गेले. या वेळी बाहेर व्हरांड्यात थांबायचं होतं. खिडकीतून दिसत होतं. अण्णा एका मेंबरांबरोबर खेळत होते आणि हरत होते. सोपे, अगदी सोपे फटके चुकत होते. मेंबर खुशीत. घरी येताना मी विचारलं, "अण्णा, तुम्ही मुद्दाम हरलात ना?"

ते म्हणाले, "अगं, ते खेळायला येतात. मी कामाला जातो."

हे मी विसरूनही गेले होते. आठवलं ते नानासाहेब पेशव्यांमुळे! जॉन लँग नावाचा एक वकील-लेखक १८५७ च्या आधी बिठूरला नानासाहेबांचा पाहुणा होता. १८५९ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने त्या मुक्कामाची हकिगत लिहिली आहे. नानासाहेबांकडे बिलियर्ड्सचं टेबल होतं. दोघं खेळले. लँग जिंकला, पण त्यानेच लिहून ठेवलंय की महाराजांनी आपल्याला जिंकू दिलं हे उघड दिसत होतं, पाहुण्याचा मान म्हणून. भोवतीचे दरबारी दोघांचीही पाळीपाळीने स्तुती करत होते.

हा काळ कुठला? बाजीराव १८५१ मध्ये वारले आणि कंपनीने दत्तकाचा तनखा नाकारला. त्याआधी १८४८ मध्ये आमचा सातारा खालसा झाला होता. साताऱ्याचे रंगो बापूजी वर्षानुवर्षं लंडनमध्ये आपल्या राजाची बाजू मांडत बसले होते. तिकडे अर्ज चाललेत, विनवण्या चालल्यात, आणि इकडे पेशव्यांचा वारस गोऱ्या पाहुण्याला बिलियर्ड्समध्ये सभ्यपणे जिंकू देतोय. मग आलं सत्तावन. तेव्हा हरणं-जिंकणं सभ्यपणाचं राहिलं नाही.

पेशव्याचं हरणं इतिहासात आलं, कारण समोरचा लिहिणारा होता. मार्करचं हरणं कोण लिहिणार? स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्माला आला, नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यातून, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या मेसमध्येही रात्री साहेब झोपायला गेल्यावर टेबलावर चादर घालणारा कुणीतरी असणारच ना.

अण्णांच्या पाकिटात वर्तमानपत्राचं एक कात्रण असायचं. विल्सन जोन्स यांचा फोटो. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेला हा माणूस १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला. स्वतंत्र भारताचा, कुठल्याही खेळातला, पहिला जगज्जेता. १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन पुन्हा झाला. राष्ट्रीय विजेतेपद तर बारा वेळा. मामाने एकदा विचारलं होतं, "अण्णा, तुम्ही का नाही गेलात स्पर्धेला?" तर म्हणाले, "ती हौशी लोकांची. मी पगारी." टेबलाजवळ राहायचे पैसे घेतो म्हणून स्पर्धेत जागा नाही, असा त्यांचा समज होता. ते हे रागाने म्हणाले नाहीत. पण कात्रण शेवटपर्यंत पाकिटात होतं.

पाटीचं पुढे काय झालं

अण्णा गेल्यावर काही वर्षांनी क्लबाने ती खोली समारंभांना भाड्याने द्यायला काढली आणि टेबल विकलं. लाकूड एकाने नेलं, पाट्या फुटल्या त्या ज्याने त्याने नेल्या. मामाने एक तुकडा रिक्षा-टेम्पोत घालून आणला. चार माणसं लागली होती.

भाच्याच्या त्या व्हिडिओनंतर गेल्या रविवारी मी मुद्दाम मामाकडे जाऊन आले. तुकडा परसात आहे. धुण्याचा दगड म्हणून. कोपऱ्याचा असल्यामुळे खिशाच्या जागी अर्धगोल कापलेला आहे, मामी तिथे साबणाची डबी ठेवते. इतकी वर्षं आपटधोपट होऊनही पाटी काचेसारखी सपाट आहे. फक्त एका बाजूला खाली वीट घातलीये.

"वीट कशाला?" मी विचारलं.

मामी म्हणाली, "अगं, उतार नको का? सपाट होता तर पाणी निघायचंच नाही. नुसतं साठून राहायचं."

मी काही बोलले नाही. मामीचं बरोबरच आहे, धुण्याच्या दगडाला उतार हवाच. पण अण्णांच्या पाचरा आठवल्या.

असो. भाच्याला मी हे सगळं सांगितलं तर त्याला आता कॉलेजजवळच्या पार्लरमधल्या टेबलाची दया येते आहे. त्याला म्हटलं, दया राहू दे, एवढं कर. खेळून झालं की लवेच्या दिशेने ब्रश फिरव, चेंडू ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे कर, खडू टेबलावर उपडा ठेवू नकोस, काठी भिंतीला तिरकी टेकवू नकोस, आणि निघताना टेबलावर चादर घाल. आणि तिथे जो पोरगा हे सगळं करत असतो, त्याच्याबरोबर एखादा डाव खेळ. त्याला आधी सांग, की जिंकायचं असेल तर खुशाल जिंक.

ता.क. - आईचं शाळेचं दप्तर टेबलावरून निघालेल्या जुन्या बनातीचं शिवलेलं होतं, हिरवंगार, एका कोपऱ्यात खडूचा निळा डाग. ते मावशीकडे असावं असा आईचा अंदाज आहे. मावशी, वाचत असशील तर माळ्यावर बघ. आणि अण्णांची ती भरीव इस्त्री कुणाकडे असेल तर भंगारात देऊ नका, मला फोन करा. मी न्यायला येते.